उजव्या खांद्यावरून

केबिन हार्वेस्टरची, हिंगण्याच्या भंगारातून उचललेली,
ट्रॅक्टर सदुसष्टचा,
त्याच्या डोक्यावर कधी काही नव्हतंच.
असली सोयरीक जमवायची
तर पत्रिकेआधी ग्राइंडर लागतो.

वाडीतल्या माझ्या शेडवर नवतपा.
पहाटे पाचला काम सुरू, साडेदहाला बंद.
त्यानंतर पान्याला आपण हात लावत नाही,
पाना आपल्याला लावतो.

खोडे डॉक्टर दातांचे. ट्रॅक्टर वडिलांचा,
अकरा वर्षं गोठ्यात, कडब्याखाली.
म्हणाले, मॅडम, सगळं ओरिजिनल पाहिजे,
फक्त एक केबिन बसवा, ऊन फार असतं.
ही दोन्ही एका वाक्यात कशी बसतात
ते मी विचारलं नाही.
ॲडव्हान्स घेतलेला होता.

ओळंबा सोडला, गुण्या लावला.
उजवा मडगार्ड सरळ, डावा दोन सूत खाली.
इर्शाद म्हणाला, दीदी, टायरात हवा कमी असेल.
हवा भरली. दोन सूत तसेच.
मग खाली वाकून पाहिलं:
ॲक्सलच्या घरावर जुना टाका,
कुठल्या तरी धुऱ्यावर, रात्री, घाईत मारलेला,
बेढब,
आणि अजून धरून बसलेला.
त्याला घासून सुंदर नाही केलं.
पत्र्याच्या चकत्या घातल्या पायाखाली.

चार पाय, चार रबरी बुश, बारा एमएमचे बोल्ट.
तीन जागा सहज मिळाल्या.
चौथी उजव्या मडगार्डवर, मागच्या अंगाला,
तिथं रंग उडालेला, लोखंड गुळगुळीत,
तळहाताएवढंच.
गंजसुद्धा तिथं दबकून आलेला.
मी खडूनं फुली मारली. ड्रिल उद्या.

उद्या डॉक्टर दसरू उइकेला घेऊन आले.
चोवीस वर्षं यानं चालवलेला.
खर्रा घोटत एक चक्कर मारली त्यानं,
हात न लावता.
मग चढला. बसला.
उजवा हात आपसूक मागे गेला
आणि माझ्या फुलीवर टेकला.
मान वळली उजव्या खांद्यावरून, तासाकडे.
शेडमध्ये तास नव्हतं.
कुलर होता, गॅसची टाकी होती.
तो पाहतच होता.

मध्ये माझा खांब, टाके मारून उभा केलेला.
“हे काय आडवं लावून राहिल्या जी बाई?”
केबिन, बाबा.
“मंग मांगचं दिसन कसं?”
इर्शादनं आरसा फिरवून दिला.
दसरूनं पाहिलं, मिशीला हात लावला.
“यात तं मीच दिसून राहिलो.
नांगर कोठी हाय?”

मला वेल्डिंगच्या काळ्या काचेतून
एक ठिपका दिसतो, पेटलेला,
बावीस वर्षं तेवढ्यावर भागलं.
मागं वळून पाहायचं काम पडलं नाही,
किंवा पडलं असेल,
मी काच वर केली नसेल.

सकाळी टाके तोडले.
खांब चार बोटं पुढे घेतला,
मग छत तिरपं झालं, ते कापून पुन्हा जोडलं,
मग काच बसेना, ती इतवारीतून नव्या मापाची आणली.
फुली पुसली.
लाल रंग मारताना त्या तळहाताएवढ्या जागेवर
कागदाची पट्टी डकवून ठेवली.

डॉक्टर म्हणाले, मॅडम, डावी-उजवी सारखी दिसत नाही.
म्हटलं, दाढाही नसतात, डॉक्टर.
ते हसले. बिलावर हसले नाहीत.

इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं.
दसरूनं दार लावलं, पुन्हा उघडलं.
“आत बसलं का आवाज
दुसऱ्याच्या घरचा वाटते.”
सुतळी मागितली,
दार उघडंच बांधून टाकलं.

गल्लीच्या तोंडाशी, अमरावती रोडला वळताना,
त्यानं मागे पाहिलं.
माझ्याकडे नाही.
काही जोडलेलं नव्हतं मागे,
डांबर होतं नुसतं, उन्हात मऊ झालेलं,
त्यावर टायरांच्या दोन ओळी,
डावी जरा खोल.