नमुना क्रमांक ४१७

वडाळा, पोर्ट ट्रस्टच्या क्वार्टर्स, तिसरा मजला.
मी नळी पुढे करते: काका, या खुणेपर्यंत थुंका.
शशिकांत नार्वेकर हसतात,
"जन्मभर सगळे म्हणाले, इथे थुंकू नका.
तूच पहिली."

उठल्यावर पहिली विडी किती मिनिटांत?
पाच, तीस, साठ. चौकटी तीनच.
"पाणी यायच्या आधी."
पाणी कधी येतं?
"ते पालिकेला विचार."
मी पाचवर खूण करते.

पलंगावर त्यांचा जुळा भाऊ, रमाकांत.
तेच नाक, तीच गोदी, तीच रात्रपाळी,
आणि जन्मात एक झुरका नाही.
"वासानंच मळमळतं गं."
सर म्हणतात, अशी जोडी गणित बिघडवते.

परळला, लॅबच्या तळघरात,
उणे ऐंशीत नळ्या उभ्या राहतात.
पंधराव्या गुणसूत्रावर एका जागी
कुणाचं अक्षर जी, कुणाचं ए.
तेवढ्यानं म्हणे
दिवसाला एखादी जास्त.

एखादी.
माझे बाबा चाळीस ओढायचे.
आईनं तांदळाच्या डब्यात पुरलेली काडेपेटी
त्यांना अंधारातसुद्धा सापडायची.
उरलेल्या एकोणचाळीस
मी कुठल्या अक्षरात शोधू?

परवा सगळे गेल्यावर
मी एक नळी भरली. ४१७. स्त्री, वय एकतीस.
धूम्रपान: कधीच नाही.
खरं तेच लिहिलं.

पण केईएमसमोरच्या स्टॉपवर
शेजारी कुणी काडी ओढली
की मी दोन बस सोडते.