सावली आलेले फोटो

हलशीचे चारशे बारा फोटो.
खानापुरात, स्टुडिओचं शटर अर्धं ओढून
मी खणाखणांत टाकत बसतो:
देवळं, बसद्या, घुमट, बुरूज,
वीरगळ वेगळे, सतीचे दगड वेगळे,
आणि ज्यांचं काहीच कळत नाही त्यांच्यासाठी 'इतर'.
तो सगळ्यांत आधी भरतो.

भूवराहाच्या देवळात दोन गाभारे,
तोंडाला तोंड लावून.
संग्रह विचारतो, मुख्य दैवत कोणतं?
एकच निवडा.
मी चहा सांगतो.

तिकडे गोकाकात अडिवेप्पा जागा असतो.
त्याला मी कधी पाहिलेलं नाही.
मी खणावर लिहितो बेळगाव,
सकाळी तिथं बेळगावी.
मी शेवटची वेलांटी काढतो,
रात्री तो ती परत लावतो.
ना शिवी, ना खुलासा.
असे सतरा दिवस.
मग हलशीचं हलसी झालं, तेव्हा मात्र गप्प बसलो.
शिलालेखातलं पलाशिका
आता दोघांच्याही घरात कुणी म्हणत नाही.

नंदगडच्या वाटेवर शेताच्या बांधाला एक वीरगळ.
खालचा थर मातीत गेलाय,
म्हणजे कोण कुणाशी लढलं ते बुजलं,
नुसतं वर जाणं दिसतं:
दोन्ही बाजूंनी अप्सरा, मग पिंडी, मग चंद्रसूर्य.
वर मिरच्या वाळत होत्या.
"काढू काय ओ? फोटोत येतील," बाई म्हणाली.
म्हटलं, असू देत.
मिरच्या आल्या. आणि टोपीसकट मी,
आडवा, दगडाच्या मांडीवर.

फोटोखाली अडिवेप्पाची पहिली ओळ:
'सर, या फोटोमधे तुमचा सावली आला.'
सकाळी नवा खण होता, 'सावली आलेले फोटो'.
आत माझा एक,
खाली त्याचे नऊ.
हूलीच्या पायरीवर, देगावच्या भिंतीवर,
हुक्केरीच्या घुमटाखाली
तोच लांबुडका माणूस,
एक खांदा उतरलेला. पिशवी असावी.

'तुमचा सावली' मी दुरुस्त केलं नाही.
त्या रात्री बेळगावीची वेलांटीही
राहू दिली तशीच.

सकाळी बघतो तर
ती त्यानंच काढलेली.

आता लावायची कुणी,
हा नवाच घोळ.