शेपटाचं टोक

पहाटे तीनला कोकरू आलं, आई गेली.
बाटलीनं चीक पाजताना टेग्वेननं बॅटरी जवळ धरली:
कपाळावर पांढरा पट्टा, आहे.
चारी पायांत पांढरे मोजे, तेही.
शेपूट मात्र टोकापर्यंत काळंभोर.

म्हणजे नोंदवहीत जागा नाही.
बाल्वेन मेंढीचं शेपूट अर्धं पांढरंच लागतं,
नाहीतर शुक्रवारची खाटकाची गाडी.

टावी नदीच्या या खोऱ्यात
सत्तेचाळीसच्या बर्फानं एकच मेंढा सोडला होता म्हणे.
त्याचं शेपूट पाहिलं असेल कुणी?
हात थिजेस्तोवर बर्फ उकरून
नाकपुडीशी वाफ दिसतेय का,
तेवढंच पाहिलं असेल.

इस्लविन दारातूनच म्हणाला,
'मादी आहे ना? पुढच्या वेतात उतरेल पांढरं.
पण कागदावर कशी चढवणार?'
ती बोलली नाही.
कानात बिल्ला मारायचा चिमटा सापडला,
तो परत खिशात टाकला.

कोकरू उठलं, घसरलं, उठलं,
भलत्याच कासेला जाऊन लागलं.
ती म्हातारी मेंढी,
परक्याला आजवर लाथच ठाऊक तिची.
मान वळवून तिनं
शेपटाखाली बराच वेळ हुंगलं
आणि मागचे पाय
जरा फाकवून उभी राहिली.