दोनशे पानी

रामलिंगखिंड गल्लीत चष्म्याच्या दुकानावर
अरुंद जिना. वर शिवलीला मॅडम.
वजनाच्या काट्यावर टॉवेल झाकलेला.
मी चपला काढल्या, पोट आत ओढलं
आणि त्या म्हणाल्या, ऊटा आतेन्री?

या गावात हा नमस्कार आहे.
बसस्टँडवर, गिरणीच्या रांगेत, मयताच्या घरीसुद्धा
कन्नडात, नाहीतर मराठीत, जेवलीस काय गे?
वीस वर्षं मी म्हणत आले, झालं की.
सकाळी नुसत्या चहावर, झालं की.
रात्री अडीचला गॅसपाशी अंधारात
जे झालं, ते कुणी विचारलंच नाही.

आमच्या वडगावात रात्रपाळीचे माग असतात.
त्या खटखटीत पुड्याचा आवाज बुडतो.
खारी, कालची भाकरी, डब्यातला गूळ,
बारशाची उरलेली बुंदी,
पुण्याच्या नणंदेसाठी आणलेला अर्धा किलो कुंदा.
चव लागायची पहिल्या घासापुरती,
पुढं नुसता हात जायचा यायचा, धोट्यासारखा.
एकदा वीज गेली.
सगळे माग एकदम गप्प.
मी तोंडात घास धरून उभी,
गिळलेलं गल्लीभर ऐकू जाईल म्हणून.
सकाळी कुंदा पुन्हा आणला, तेवढाच,
आणि त्याच सुतळीनं बांधला.

मॅडमनी तक्ता दिला नाही. वही आणायला सांगितली.
किती वाजता, काय, कुठं, उभ्यानं की बसून,
खायच्या आधी मनात काय.
ग्रॅम लिहायचे नाहीत.
आणि पाप असं लिहू नका री, ते पदार्थाचं नाव नव्हे.

पहिल्या आठवड्यात वही नीट भरली, सगळी खोटी.
त्यांनी पानं उलटली. म्हणाल्या, अक्षर छान आहे.
दुसऱ्या आठवड्यात अक्षर बिघडलं.
तेव्हा त्यांनी बोट ठेवलं, रात्रीवर नाही,
सकाळच्या कोऱ्या रकान्यावर.
रात्रीचं इथं सुरू होतंय बघा.
मी म्हटलं, सोमवार असतो, गुरुवार, चतुर्थी.
देव सहा महिने थांबतोय की, त्या म्हणाल्या,
तुम्ही आठ वाजता भाकरी खावा.

आठ वाजता भाकरी.
भूक आहे का भीती, कळत नव्हतं.
ज्वारीची, वर शेंगाचटणी, ताटात, बसून.
सासूबाई बघत राहिल्या.
खाणं आवरायला डॉक्टरीण गाठली
आणि ही तर सकाळपासूनच बसली!

पुढच्या वेळी मॅडम म्हणाल्या, येताना कुंदा आणा.
मला वाटलं, जप्त करणार.
त्यांनी दोन बशा काढल्या, पडदा सारला.
भर दुपारी, खालून रिक्षांचे हॉर्न,
एक चमचा त्यांनी, एक मी.
दूध करपायच्या जरा अलीकडं थांबतं
तिथली ती चव. वेलदोडा मागाहून येतो.
निम्मा उरला.
उरतो, हे मला माहीत नव्हतं.

मग सगळं ठीक झालं, असं नाही.
परवा शहापूरच्या दुकानात
साड्यांचा हिशेब साडेतीनशेनं चुकला, मालक बोलले,
रात्री ब्रेडचा अख्खा पुडा.
पान फाडायला घेतलं.
पण ही वही शिवणीची,
इकडचं पान काढलं की तिकडचं चांगलं पान सुटतं.
म्हणून लिहिलं : एक दहा. ब्रेड, सगळा. उभ्यानं.
मनात, साडेतीनशे रुपये.
त्याच्या खाली, आठ वाजता, भाकरी.

आज दुपारी कठड्यावरून गंगव्वा ओरडली,
ऊटा आतेन?
तोंडात 'झालं की' आलेलंच होतं.
म्हटलं, इन्नू इल्ला. अजून नाही.
मग ये की, ती म्हणाली, आमटी उतरतोय मी.
मी माझं ताट घेऊन गेले.
बसायला तिनं पोतं टाकलं.