मॉडेल केवळ माहितीसाठी

डिसेंबरात औलूला दुपारी दोनलाच दिवस मावळतो.
साइटवरच्या पत्र्याच्या कचेरीत
मी दिवा लावते, आणि पडद्यावर
मुलांचं इस्पितळ उलगडतं:
भिंती पारदर्शक, नळ निळे, तारा पिवळ्या.
आत कुठेही थंडी नाही,
कुणाच्या बुटाखाली बर्फ करकरत नाही.

तिसरा मजला, तुळई बी-सतरा.
मॉडेलमध्ये तिला भोक आहे डावीकडे.
खऱ्या तुळईला, उजवीकडे.
मधलं अंतर चाळीस सेंटिमीटर.
एवढ्यासाठी सकाळपासून एकोणीस पत्रं आली,
प्रत्येक 'आदरपूर्वक' सुरू होणारं
आणि हात झटकून संपणारं.

नळवाले म्हणतात, आम्ही पंधरावी आवृत्ती धरून नळ कापले.
काँक्रीटवाले म्हणतात, पंधरावी आल्याचं
आम्हाला कुणी सांगितलंच नाही.
आराखडे करणारा ओस्मो म्हणतो, करार वाचा,
कलम चार पूर्णांक दोन:
'मॉडेल केवळ माहितीसाठी.
तफावत आढळल्यास सहीचा नकाशा ग्राह्य.'
आणि नकाशा?
तो मॉडेलमधूनच छापलेला,
कुठल्या आवृत्तीतून, तो रकाना कोरा.
आडातच डावं-उजवं झाल्यावर
पोहऱ्याला काय विचारायचं.

ते कलम माझं आहे.
चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत, वकिलांसमोर,
एकेक शब्द तासून बसवला होता मी.
जेवताना सिन्नेवे म्हणाली होती,
'हे वाक्य छत्रीसारखं आहे, रीक्का.
धरणाऱ्यापुरतं.'

मग उरतो राइवो कूस्क.
एस्टोनियाहून आलेला, साठीला टेकलेला,
ज्याने भोक पाडलं तो.
कंत्राट, पोटकंत्राट, त्याचं पोटकंत्राट,
या उतरंडीत सगळ्यात खालचं मडकं त्याचं.
खापर तिथेच फुटतं, रीतच आहे.
दंडाची नोटीस मी सकाळीच टाइप करून ठेवली होती.

तो आला. टोपी काढली नाही.
टॅबलेटचं विचारलं तर म्हणाला,
सोमवारी उणे सव्वीस होतं, बंद पडला.
काखेत धरून ऊब दिली,
उठला तेव्हा जे दिसलं
ते खडूने तुळईवर काढलं.
मग पिशवीत हात घालून
त्याने माझ्या टेबलावर, नेमका नोटिशीवर, ठेवला
भोकातून निघालेला काँक्रीटचा गाभा.
साडेचार किलो. खडे चाकूने कापावेत तसे कापलेले,
त्यातला एक गुलाबी,
सॅमनच्या तुकड्यासारखा.

'हे तुमच्या मॉडेलमध्ये नाही,' म्हणाला.
तक्रार नव्हती स्वरात.
कुणी विसरलेला मोजा परत करावा तसं.

तो गेल्यावर मी इतिहास उघडला.
यंत्र काही विसरत नाही, आणि काही बोलतही नाही
विचारल्याशिवाय.
आवृत्ती पंधरा. भोक डावीकडे सरकवलं.
मान्यता: रीक्का हिएतानेन,
शुक्रवार, चार बेचाळीस.
कुणाकुणाला पाठवायचं, त्या चौकटींत
एकच खूण. नळवाल्यांची.
बाकी सगळ्या रिकाम्या.

आठवतं ते.
कोटाच्या एका बाहीत हात,
दुसऱ्याने माऊस,
बाहेर गाडी सुरू करून ठेवलेली.

गाभ्यावरची थंडी आता वितळते आहे.
नोटिशीवर ओलं वर्तुळ उमटलंय,
राइवोच्या कंपनीच्या नावाभोवती,
कचेरीच्या शिक्क्यासारखं, फक्त अक्षरं नसलेलं.

विसावं पत्र लिहायला घेतलंय.
'आदरपूर्वक' खोडलं.
'सदर आवृत्तीचे वितरण करण्यात आले नाही'
असं बोटं आपसूक लिहून गेली,
कराराच्या भाषेत कर्त्याला जागाच नसते.
तेही खोडलं.

'मी', एवढंच ठेवलं.
आणि तिसऱ्या मजल्यावर, डावीकडे,
कुणीतरी पुन्हा ड्रिल सुरू केलं.
सहीच्या नकाशाविना.
मला उठायला हवं.