सुर्दूत तांदूळ

कंपनी मोडली तेव्हा वाटण्या झाल्या नाहीत.
आरसे मालकाने भाड्यात धरले.
तो मोठा ढोल, सुर्दू, शांबाने नेला. त्यात
आता त्याच्या आईचे उकडे तांदूळ असतात.

कुडचड्याचं गोदाम. खनिजाची धूळ
दाराखालून यायची, रात्रभर जमिनीवर बसायची,
आणि सकाळी पहिली जी नाचेल
तिची चूक लाल मातीत उमटायची.

एर्मिना टाळ्यांनी मोजायची नाही.
म्हणायची, एक आणि दोनच्या मधे फट आहे.
माझ्या पणजीची पणजी तिथूनच उतरली
बाहियाच्या धक्क्यावर, पाय बांधलेली.
पावलं लहान आहेत ती त्यामुळे.

आम्ही धालोवर वाढलेल्या पोरी. हसलो.
वाकायचं आम्हाला नको शिकवू.
मग तिने घुमट मागवलं,
आणि फुगडीचा गुडघा सांबात कुठे बसतो
हे तीन वर्षं आम्हीच तिला दाखवलं.

कार्निव्हलच्या ट्रकवर पिसं लावून नाचा, म्हणाले.
नाही गेलो.
मडगावच्या बसचं भाडं
अजून रोझीनाला देणं आहे.

काल सावर्ड्याच्या पुलावर ट्रक अडले.
माझी लेक, जिला यातलं काही सांगितलं नाही,
कडेवरच्या पोराला जोजवत उभी होती.
भार या पायावरून त्या पायावर,
किंचित उशिरा,
बरोब्बर त्या फटीत.

शांबाला फोन केला. म्हटलं, तांदूळ काढ.
म्हणाला, दोन पायली उरलेत.
संपू देत.