गळती

रात्री अडीचला दांडिया बाजारात
रहदारी नसते, तेव्हा आमचं काम.
लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची,
दुसरं टोक कानाला.
आजव्याचं पाणी सरळ चाललं असेल तर एक आवाज,
कुठे निसटत असेल तर सुस्कारा.
वर डांबर कोरडं ठणठणीत.
खुमानसिंग म्हणायचा, मोहितेभाई, इथे काय खोदायचं?
इथेच, मी म्हणायचो.

एकतीस वर्षं.

आणि आता डॉक्टर झवेरीबाई सांगत होत्या,
तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचलीत तुम्ही,
डोळ्यापुढे ती चार चिलटं फिरतात तेवढं सोडलं
तर नजर उत्तम.
तरी एक फोटो काढू.

हाताच्या शिरेत पिवळा रंग सोडला.
"काका, हालशो नहीं," फाल्गुनी म्हणाली.
दहा, अकरा, बारा सेकंद,
मग निळा लखलखाट, पुन्हा, पुन्हा,
पोटात ढवळलं.
मी बारा सेकंदांचाच हिशेब करत होतो:
दंडापासून बुबुळामागे,
केवढा दाब!

पडद्यावर पांढऱ्या नळ्या.
मुख्य वाहिनी, फाटे, गल्लीबोळ,
आणि कडेकडेनं
नेच्याच्या पानासारखी पसरलेली ओल.
बाईंनी बोट उचललं
तोवर माझं तिथे पोचलं होतं.

सूज आहे. मध्यापर्यंत अजून आलेली नाही.
आली की अक्षरं जातात,
म्हणून आत्ताच.
आधी टीबीची तपासणी, रक्त, मग गोळ्या,
नाश्त्यानंतर, आणि मनानं बंद करायच्या नाहीत.

कुमुद म्हणाली, दिसतंय ना नीट?
मग एवढी औषधं कशाला?
मला रावपुऱ्यातला तो रस्ता आठवला.
आवाज आला होता मला.
पण वरात यायची होती,
साहेब म्हणाले, रस्ता धड दिसतोय की, उद्या बघू.
पहाटे भाजीची हातगाडी आत गेली.
माणूस वाचला,
त्याचा तराजू मात्र सापडला नाही.
हे तिला सांगितलं नाही.
लघवी हळदीसारखी झालीय एवढंच सांगितलं,
त्यावर दोघं हसलो.

सहा आठवड्यांनी पुन्हा रंग, पुन्हा फोटो.
गोळ्यांनी भूक फार लागते.
अडीचला उठतो, डब्यातली शेव
आवाज न करता खातो
खिडकीपाशी.
खाली रस्ता कोरडा
दिसतो.